आधी जागा, मग घर

(छत्रपती संभाजीनगर येथे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे एका वकिलाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षा घेऊन माणूस आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्या अंतःकरणात पालट झालेला असतो. परंतु गावाच्या रचनेत पालट झालेला नसतो. वस्ती होती तेथेच असते. गावाच्या एका टोकाला, ओढ्याच्या उताराला, पावसाळ्यात जेथे गावचे सांडपाणी येऊन तुंबते तेथे. देवघरातील देव गेले, गळ्यातील गंडे गेले, बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लागली. परंतु ती भिंत कोणाच्या जागेवर उभी आहे, हा प्रश्न विचारल्याबरोबर आपल्यापैकी पुष्कळांना मान खाली घालावी लागते. धर्म बदलला, पण पत्ता बदलला नाही. हा पत्ता कायद्याने कसा बदलावा आणि नव्या पत्त्यावरचे घर टिकाऊ व आपल्या ऐपतीत कसे बांधावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

घर हा केवळ पोटापाण्यानंतरचा, सवडीने सोडविण्याचा प्रश्न आहे असे समजू नका. खेड्यातील गुलामगिरीचे मूळ ज्या अनेक गोष्टींत आहे, त्यांत राहत्या जागेचे परावलंबन ही एक मोठी गोष्ट आहे. ज्याच्या घराखालची जमीन दुसऱ्याची, त्याला मजुरीचा दर ठरविताना जीभ उचलता येत नाही. मतदान करताना, फिर्याद देताना, साक्ष देताना त्याला आधी आपल्या छपराकडे पाहावे लागते. बाबासाहेबांनी हे वर्म ओळखले होते. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ सालच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तिला घटनात्मक स्वरूप देण्याचा त्यांनी प्रयत्न केला. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचे गोडवे गाणारांना त्यांनी जे खडसावले, त्याच्या मागेही हाच अनुभव होता. ती मागणी त्या स्वरूपात मान्य झाली नाही. परंतु मागणीमागचा सिद्धांत खोटा ठरलेला नाही. स्वतःच्या नावाच्या जमिनीवर राहणारा माणूस ताठ उभा राहतो.

कोणी म्हणेल, बौद्धाने घरादाराची आसक्ती का धरावी? हा आक्षेप अज्ञानाचा आहे. प्रारंभी भिक्षू रानात, झाडाखाली, गुहेत राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांच्यासाठी निवारे बांधण्याची परवानगी मागितली, तेव्हा तथागतांनी ती दिली आणि पाच प्रकारच्या निवासांना मान्यता दिली. थंडी, ऊन, पाऊस, हिंस्र प्राणी यांपासून रक्षण व्हावे आणि मन स्थिर राहावे, हे कारण त्यांनी सांगितले. ज्यांनी घर सोडले त्यांच्यासाठीही निवारा आवश्यक मानला गेला; मग लेकराबाळांच्या उपासकाला तो अनावश्यक कसा? आपल्या शहरापासून जवळच वेरूळ आहे. तेथील दहाव्या लेण्यात दगडात कोरलेल्या कमानी पाहा. लाकडी घराच्या वाशांची ती हुबेहूब प्रतिकृती आहे. लोक त्या लेण्याला सुताराची झोपडी म्हणतात. कारागिराच्या हाताला धम्माने कधी कमी लेखले नाही, याची ती साक्ष आहे.

आता कायद्याकडे वळू. निवारा ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवाऱ्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले. आणि निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे. पुरेशी जागा, सुरक्षित बांधकाम, उजेड, शुद्ध हवा व पाणी, वीज, शौचाची सोय, रस्ता हे सारे त्यात येते, असेही म्हटले. तो खटला कशाचा होता हे ध्यानात ठेवा. दलितांच्या घरांसाठी सरकारने जमीन संपादन केली होती, जमीनमालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले होते, आणि न्यायालयाने संपादन उचलून धरले. सबब, घरासाठी जमीन मागताना तुम्ही भीक मागत नाही.

दीक्षेनंतर एक शंका घरोघर विचारली जाते : ‘बौद्ध लिहिले तर घरकुल जाईल काय?’ या भीतीपोटी कित्येक जण मनाने बौद्ध आणि कागदावर हिंदू राहतात. ही भीती निराधार आहे. महाराष्ट्र राज्याने १९६० सालीच नवबौद्धांना सवलती दिल्या, आणि १९९० च्या कायद्याने राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. राज्याची रमाई आवास योजना तर नावानेच अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. म्हणून ज्यांचे मूळ अनुसूचित जातीत आहे, त्यांनी दाखल्यासाठी खोटा धर्म लिहिण्याचे कारण नाही. मात्र मुलाच्या शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि जातीचा दाखला यांतील नावे व नोंदी परस्परांशी जुळत्या ठेवा. हक्क कायद्याने मिळतो. तो बहुधा अडतो नावातील एका काना-मात्रेवर.

घरकुलाच्या योजना मुख्यतः दोन. एक रमाई आवास, दुसरी २०१६ साली सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. दुसरीत सपाट प्रदेशासाठी मूळ रक्कम १ लाख २० हजार रुपये आहे. ती हप्त्यांनी थेट बँक खात्यात येते. शौचालयासाठी १२ हजारांची तरतूद निराळी आहे. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट असले पाहिजे. आणि एक नियम पाठ करून ठेवा : हे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमता येत नाही. ‘सही कर, खाते माझ्याकडे दे, घर मी उभे करून देतो’ असे म्हणणारा मनुष्य गावात हिंडत असेल, तर तो नियम मोडत आहे असे त्याला तोंडावर सांगा.

परंतु रक्कम मंजूर होऊनही घर उभे राहत नाही, याचे कारण काय? न्यायालयात येणाऱ्या पक्षकारांकडून मी एकच कहाणी वेगवेगळ्या गावांच्या नावाने ऐकतो. घरपट्टीच्या पावत्या वीस वर्षांच्या, विजेचे बिल नावावर, मुले त्याच घरात लहानाची मोठी झालेली. आणि घरकुल मंजूर झाल्यावर कचेरीतून विचारणा होते, जागा कोणाची? तेव्हा कळते की जागा गायरानाची आहे, किंवा मालकाने तोंडी दिलेली आहे. पत्रा उतरविलेला असतो, जोते अर्धे आलेले असते आणि काम थांबते. कुटुंब पावसाळा ताडपत्रीखाली काढते. म्हणून मी सांगतो, आधी जागा, मग घर.

जागेचे कागद नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे. तो ताबा दाखविण्यास उपयोगी पडतो. तो मालकीचा दस्तऐवज नव्हे. सातबारा हा शेतजमिनीचा अधिकार अभिलेख. गावठाणातील घराच्या मालकीसाठी मिळकत पत्रिका पाहावी लागते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन अशा पत्रिका दिल्या जातात. मोजणीच्या दिवशी मजुरीला जाऊ नका, घरी थांबा. हद्द दाखविताना आपण नसलो तर शेजारी आपल्या वतीने बोलतो, आणि तो आपल्या बाजूने बोलत नाही. ज्यांची वस्ती गावठाणाच्या हद्दीबाहेर पडते त्यांना ही पत्रिका सहसा मिळत नाही. त्यांनी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १२२ व्या कलमाकडे पाहावे. गावठाणाच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार त्यात आहे. वस्ती गावठाणात घ्यावी असा ग्रामसभेचा ठराव आणि सर्व कुटुंबांच्या सह्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. त्या दिवशी आपली वस्ती रिकामी आणि सभा भरलेली दिसली पाहिजे.

गायरानाचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १९५३ साली या भागातील भूमिहीनांनी सत्याग्रह केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली जमिनीसाठी तुरुंग भरले गेले. बाया कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १९९० या काळातील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग उघडला, तो या लढ्याचाच वारसा आहे. उलट बाजूला, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतल्यावर गावोगाव नोटिसा लागल्या. परंतु जगपाल सिंग निकाल पूर्ण वाचा. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, तर असे अपवादात्मक प्रकरण नियमित करता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. तेव्हा तुमच्या वस्तीला कधी काळी पट्टा, सनद, मोजणीचा नकाशा मिळाला होता काय, हे शोधून काढा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पडलेला कागद कधी कधी सबंध वस्ती वाचवितो.

नोटीस आली तर घाबरून पळू नका आणि चिडून फाडूही नका. तिच्यावर मिळाल्याची तारीख लिहा. लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या. संहितेच्या ५० व्या कलमात अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे, तसा ५१ व्या कलमात ते नियमित करण्याचाही अधिकार आहे. तुमचा अर्ज ५१ व्या कलमाखाली पडला पाहिजे. आदेश विरुद्ध गेला तर मुदतीत अपील करा. वकिलाला देण्यास पैसे नाहीत ही सबब सांगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातच ती सोय असते.

ज्यांना कोणतीच जागा नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिच्यात प्रारंभी ५० हजारांपर्यंत आणि पुढे १ लाखापर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. पाच-दहा कुटुंबांनी एकत्र येऊन रस्त्यालगत जागा घेतली, तर एकट्यापेक्षा भावही बरा पडतो आणि नवी वस्ती जुन्या हीनतेपासून मुक्त होते. मात्र खरेदीखत नोंदवा. स्टँपपेपरवरील साध्या लिहून दिलेल्या कराराने जमिनीचे मालक होता येत नाही.

आता बांधकाम. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे मेली. ती भूकंपाने मेली असे म्हणणे अपुरे आहे; ती घरांखाली मेली. अनघड दगडांच्या जाड भिंती, मध्ये मातीची भर, आणि वर फुटा-दोन फुटांच्या मातीचे माळवद. भिंत फाकली आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आले. कुडाच्या भिंती आणि गवती छपरे ज्यांची होती, अशा अनेक गरिबांचे प्राण वाचले. जड म्हणजे मजबूत हा समज त्या पहाटेने खोटा ठरविला.

पण त्यानंतर जे झाले तेही विसरू नका. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे कोणत्या मापाने दिली? भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाराला ७५० चौरस फूट. भूकंपाने सर्वांना एकाच रात्री बेघर केले. पुनर्वसनाने त्यांना पुन्हा पायऱ्यांवर बसविले. भूमिहीनाच्या घरी माणसे कमी असतात काय? सरकार घर देताना जमीन मोजते, माणसे मोजत नाही. म्हणून जमिनीचा प्रश्न आणि घराचा प्रश्न वेगळे करता येत नाहीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीनांसाठी ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमिनीची तरतूद आहे. घरकुलाच्या अर्जाबरोबर तिचाही अर्ज करावा.

किल्लारीचा धडा घरात उतरविण्यास फार पैसा लागत नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकविलेला पाया भिंत फोडतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. दगडी भिंत असेल तर दोन्ही बाजू जखडणारे आरपार दगड घाला. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांवर सलग सळईचा काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून फिरवा. तो पेटीला बांधलेल्या पट्टीसारखे घर धरून ठेवतो. विटा आडव्या न निजविता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची एक पद्धत लॉरी बेकर या वास्तुविशारदाने आपल्या देशात रूढ केली; तिने विटा सुमारे चौथ्या हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे घर थंड राहते. मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेले ठोकळेही चालतात. भट्टी लागत नाही, जळण लागत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघडा पत्रा म्हणजे तवा. छपरावर चुन्याचा पांढरा हात द्या, समोरासमोर झरोके ठेवा. आणि पाणी! २५ चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारे धरूनही सुमारे १४ हजार लिटर पाणी मिळते. ज्या वस्तीला शतकानुशतके दुसऱ्याच्या विहिरीवर हात पसरावा लागला, तिने आपल्या छपराचे पाणी वाहून जाऊ द्यावे हे शोभत नाही.

घर कोणत्या दिशेला तोंड करून बांधावे, हे वारा, ऊन आणि रस्ता यांनी ठरवावे, पंचांगाने नव्हे. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या कुटुंबाने मुहूर्त, वास्तुशांत, नारळ-कोंबडा यांवर एक पैसा खर्चू नये. त्या पैशात एक खिडकी होते. गृहप्रवेशाला त्रिसरण-पंचशील म्हणा, शेजाऱ्यांना बोलवा, आणि एक झाड लावा. तसेच हप्ता उशिरा आला म्हणून सावकाराच्या दारी जाऊ नका. घर टप्प्याटप्प्याने बांधा. पहिल्या वर्षी गिलावा राहिला तर काही बिघडत नाही. वस्तीतील गवंडी, सुतार, बिगारी यांनी एकमेकांकडे आळीपाळीने श्रम द्यावेत. सिमेंट व सळई एकत्र घ्यावी. घरकुलधारकास पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे, तिचा अर्ज तहसीलमध्ये वेळेवर द्यावा.

भगिनींनो, तुमच्याशी विशेष बोलावयाचे आहे. घर तुमच्या नावावर, निदान दोघांच्या नावावर झाले पाहिजे. शेण-मातीने घर तुम्ही सारविले, आणि भांडण झाले की ‘माझ्या घरातून चालती हो’ हे वाक्य मात्र तुम्हीच ऐकले. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या महापुरुषाच्या अनुयायांच्या घरात हे वाक्य उच्चारले जाऊ नये.

शेवटी एक कटू आठवण काढणे मला भाग आहे. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि या भागातील शेकडो गावांत आपल्या लोकांची घरे जाळण्यात आली. नामांतर झाले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे कित्येकांनी राखेवर पुन्हा छप्पर घातले. जाळणाऱ्यांनी घरेच का निवडली, याचा विचार करा. माणूस उभा राहू लागला की त्याच्या पायाखालची जागा काढून घेण्याची ही जुनी रीत आहे. आज अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाचे राहते घर जाळून नष्ट करणे हा जन्मठेपेचा गुन्हा आहे; त्याला त्याच्या जमिनीवरून बेकायदा हुसकावणे हाही गुन्हा आहे. परंतु जळालेल्या घराचा कागद कोणाच्या नावावर होता, हे न्यायालयात सांगता आले पाहिजे.

म्हणून गावी गेल्यावर तीन कामे करा. आपल्या घराचा उतारा काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. वस्तीतील सर्व घरांची, ताब्याच्या वर्षांसह, एक यादी करा. आणि पुढच्या ग्रामसभेत ती यादी वाचून ठराव मागा. यासाठी पैसा लागत नाही. एकी लागते आणि एक वही लागते. ही वही लिहिण्याचे काम वस्तीतील शिकणाऱ्या मुलामुलींना द्या. बाबासाहेबांनी १९५० साली या शहरात मिलिंद महाविद्यालय काढले ते मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलांसाठी. त्या मुलांची नातवंडे आज तुमच्यात बसली आहेत. दादरला राजगृह बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी जागा काढली. आपल्या २६९ चौरस फुटांत ग्रंथालय होणार नाही. पण खिडकीखाली एक फळी आणि वर एक दिवा एवढी जागा निश्चित होते. ती जागा सोडूनच घराचा आराखडा काढा.

जय भीम!